दूर बघण्याचं औषध

ताईचं पत्र आलं तेव्हा तिच्या कमरेचं हाड नुकतंच जुळलं होतं. पाठकोऱ्या कागदावर, मोठ्या अक्षरात, ती बोलते तसंच लिहिलेलं.

"छपराचे वासे गेलेत. माझ्यापुरतं हेच पुरेल, गळतं तिथे बादल्या ठेवते. पण तुमच्यापैकी कोणी इथे येणार असेल तर नवं घालते. येणार नसाल तर घर आणि तळ्याकाठचा तुकडा शेजारच्या होडीवाल्याला देऊन टाकते. तो मला मागची खोली ठेवू देईल, भला माणूस आहे. मी रागावणार नाही. हो की नाही एवढंच लिही. गुळमुळीत लिहू नकोस."

मी गुळमुळीतसुद्धा लिहिलं नाही.

लिहायला बसलो मात्र अनेकदा. माझी सगळी नोकरी एका मोठ्या ग्रंथालयाच्या सूचीखोलीत गेली. पुस्तक न वाचता ते कोणत्या कपाटात जाईल हे ठरवण्यात माझा हातखंडा होता. पण सख्ख्या बहिणीला दोन ओळी लिहिताना माझं घोडं अडायचं. 'सध्या जमणार नाही' असं लिहिलं की त्यातला 'सध्या' खोटा वाटायचा. तो खोडला की उरलेलं वाक्य दार आपटल्यासारखं वाटायचं. 'येऊ' असं लिहावं तर कोणाच्या वतीने? घरात माझ्या शब्दाला मान आहे, पण माझ्या शब्दावर कोणी रजा काढत नाही. फोन करून मोकळं व्हावं, तर ताईला फोनवर ऐकू येत नाही. ती आपलं बोलते आणि ठेवून देते.

पत्र काही मी लपवून ठेवलं नव्हतं. फ्रिजच्या दारावर, सूनबाईच्या कामावर वाटलेल्या दाढेच्या आकाराच्या चुंबकाखाली ते लटकत होतं. दूध काढताना सगळे वाचायचे.

"बाबा, नाही म्हणून टाका ना," मुलगा म्हणायचा. "आत्याही सुटेल. आपण कधी जाणार तिकडे? मला दाढी करायला वेळ मिळत नाही."

"तुम्ही लिहा, मी जाताना पेटीत टाकते," सूनबाई म्हणायची. "रोज सकाळी ते पत्र बघून मलाच अपराध्यासारखं होतं. माझी तर ती आत्यासुद्धा नाही."

नात काहीच म्हणायची नाही. आम्हाला वाटायचं, लहान आहे. नाक टेकवल्याशिवाय तिला ते पत्र वाचताच येत नव्हतं, हे उशिरा कळलं.

आमचं घर अंधारं आहे ते मुद्दाम. मुलगा मालाच्या एका मोठ्या गोदामात रात्रपाळी करतो, पहाऱ्याच्या खोलीत. समोर भिंतभर पडदे. एकावर ओस वाट, एकावर बंद दार, एकावर कुंपण. कुठे काही हललं तर नोंदवायचं. बहुतेक रात्री काहीच हलत नाही, आणि ते काहीच न हलणं त्याला डोळे फाडून बघावं लागतं. सकाळी येतो तो भिंतीला धरूनच. त्याला दिवसा झोप लागावी म्हणून सूनबाईने सगळ्या खिडक्यांना काळा कागद चिकटवला आहे. ती स्वतः कवळ्या आणि दाढा घडवणाऱ्या कार्यशाळेत कामाला जाते. डोळ्याला भिंग लावून, दिव्याखाली, नाकापासून वीतभर अंतरावर तिचं काम. मी पुस्तकात. नात शाळेचा अभ्यास उरकला की हातातल्या पडद्यात. आतल्या खोलीत तो झोपलेला म्हणून आम्ही दिवसभर कुजबुजत बोलायचो. इतकी वर्षं कुजबुजल्यावर माणसाकडे बोलण्यासारखं फारसं उरत नाही, निदान माझ्याकडे तरी.

नातीच्या चष्म्याचा नंबर पुन्हा वाढला तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्र बाजूला सारलं.

"हिला लांबचं बघू द्या. उघड्यावर, रोज दोन तास तरी."

"लांब म्हणजे किती लांब?" सूनबाईने विचारलं. तिला सगळं मापात लागतं.

"तुमच्या खिडकीतून सगळ्यात लांबचं काय दिसतं?"

आम्ही दोघं विचारात पडलो. नातच म्हणाली, "समोरच्यांची कपड्यांची दोरी. पण कागद काढला तर."

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी पुढे ओढली. मग थेंबांच्या औषधाखाली त्यांनी चक्क लिहून दिलं, 'दूर बघणे, दोन तास'. सूनबाईने ती चिठ्ठी घरी आल्यावर ताईच्या पत्राशेजारीच लावली. वेगळं चुंबक नव्हतं म्हणून.

तिथून मुलाला कल्पना सुचली असावी. सकाळी जेवताना – म्हणजे त्याचं रात्रीचं जेवण, आमचा चहा – तो फ्रिजकडे बघत म्हणाला, "चार दिवसांची रजा काढतो. आत्याकडे जाऊ. छोटी लांब बघेल, आणि बाबा आत्याला तोंडावर नाही म्हणून सांगतील. दोन्ही कामं एका फेरीत उरकतील."

"मी सांगू?"

"तुमची बहीण आहे, बाबा."

"तिथे डास असतील," सूनबाई म्हणाली.

"असतील."

"नेटवर्क नसेल," नात म्हणाली.

"नसेल."

कोणाचीच इच्छा नव्हती, पण नको म्हणून भांडण्याइतकं त्राणही कोणात नव्हतं. आम्ही गेलो ते असे.

बस तळ्याच्या बांधापाशी सोडते. पुढची वाट पायी. सूनबाईने मलमं, तापाच्या गोळ्या, स्वतःच्या उशा आणि काळ्या कागदाची अख्खी गुंडाळी घेतली होती. चाकांच्या बॅगा मातीत फिरेनात, म्हणून मुलाने दोन्ही उचलल्या. "चाकं लावतात ती विकताना दाखवायला," एवढंच तो सबंध वाटेत बोलला.

ताई काठी टेकत फाटकापर्यंत आली होती. तिने आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली.

"कोण गेलं?"

"कोणी नाही, आत्या," मुलगा ओरडून म्हणाला. "सहज आलो."

"तुम्ही आणि सहज?" मग माझ्याकडे वळून, "पुस्तक्या, पत्र पोचलं होतं?"

"पोचलं होतं."

"मग?"

"लिहितोय."

"कादंबरी लिहितोयस का?"

तिने आम्हाला पुढची खोली दिली, तळ्याकडे तोंड असलेली. चहा ठेवायला म्हणून ती आत गेली, तेवढ्या वेळात सूनबाईने बॅग उघडण्याच्याही आधी खिडकीला काळा कागद लावून टाकला. चारी कडा चिकटपट्टीने पक्क्या. तिचं काम फार नीटनेटकं असतं. ताई कप घेऊन आली आणि दारातच थांबली.

"खिडकी कुठे गेली?"

"याला उजेडात झोप लागत नाही, आत्या. सवयच नाही राहिली."

ताई "बरं" म्हणाली. खिडकीच्या कठड्यावर एक ओला फडका होता. काचा तिने आमच्यासाठी त्याच सकाळी पुसल्या असाव्यात. आम्ही येतोय हे तिला कसं कळलं? मग आठवलं, बसची वेळ मुलाने होडीवाल्याला फोनवर विचारली होती. फडका मी उचलून बाहेर वाळत घातला.

दुसऱ्या दिवशी औषध सुरू झालं. सूनबाईने उतारावर खुर्ची ठेवली, नातीला तिच्यावर बसवलं आणि ताईचं अंडी उकडायचं घड्याळ शेजारच्या दगडावर लावून ठेवलं. ते एका तासाच्या पुढे जात नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ असं दोनदा लावायचं ठरलं.

"आई, काय बघू?"

"लांब बघ."

"लांब काय आहे?"

"टेकडी."

"बघितली."

"परत बघ."

ताई वाफ्यात पाणी घालत होती. तिने झारी खाली ठेवली. "हिने केलं काय? शिक्षा कसली?"

मी सोबत पक्ष्यांचं पुस्तक आणलं होतं. जन्मभर मी ते योग्य कपाटात ठेवत आलो. आता म्हटलं वापरून बघावं. पण एखादा पक्षी फांदीवर बसला की त्याचं पान सापडेपर्यंत तो उडून जायचा, आणि मी रिकाम्या फांदीसमोर त्याचं वर्णन वाचत बसायचो. मुलगा हात उंच करून बांधावरून फोन फिरवत होता. सूनबाईच्या पोटरीला काहीतरी चावलं होतं आणि ते काय असेल याचा ती विचार करत होती. खरं सांगायचं तर आम्ही चौघंही परत जायची वाट बघत होतो. मी तर दुहेरी, कारण जायच्या आधी मला ते 'नाही' बोलायचं होतं.

दुपारी जेवून मुलगा झोपायला आत गेला आणि थोड्या वेळात चरफडत बाहेर आला. खिडकी चिकटपट्टीने बंद होती, पण छपराची कौलं जागोजागी सरकलेली. त्या फटींमधून उन्हाचे कवडसे सरळ त्याच्या तोंडावर पडत होते. गादी सरकवली तर दुसरं भोक.

"आत्याच्या छपराला चाळणी म्हणतात," तो म्हणाला आणि पायरीवर बसला. मी एका टोकाला, तो दुसऱ्या. डोळे लाल, केस विस्कटलेले. फोनची बॅटरी संपली होती. करण्यासारखं काही नाही म्हणून तो तळ्याकडे बघत राहिला.

मी त्याला कामावर कधी पाहिलेलं नाही. तो खोलीत कसा बसत असेल हे मला तिथे पायरीवर कळलं. मान जराशी पुढे, हात गुडघ्यांवर, आणि नजर एका जागी न रुतता सगळीकडे एकसारखी पसरलेली. असा तो ऊन उतरेपर्यंत बसला.

"बाबा," तो हलक्या आवाजात म्हणाला, "वारा कुठून येतोय?"

मी बोट ओलं करून धरलं. हे मी वाचलेलं होतं. "समोरून, असं वाटतं."

"मग सगळ्या लाटा आपल्याकडे यायला हव्यात. ती एक बघा, उलटी चाललीय."

मला लाटांखेरीज काही दिसेना. पण तो ताठ झाला होता आणि त्याचा हात आपोआप खिशावर गेला होता, पेन शोधत. ते लक्षात येताच त्याने हात काढून घेतला.

"छोटे, इकडे ये. हळू. चष्मा पूस आधी."

नात खुर्चीवरून उठून आली. तिचा दुसरा तास चालू होता.

"ते वाळकं झाड दिसतं? त्याच्या पायाशी काळा दगड. दगडापासून बोटभर डावीकडे. आता तिथेच थांब."

"तिथे काहीच नाहीये."

"नसू दे. काही नसलं तरी बघत राहायचं."

"किती वेळ?"

"होईपर्यंत."

तिघं बघत राहिलो. घड्याळ वाजलं. वाजून वाजून आपोआप बंद पडलं. नात उठली नाही. मग पाण्यातून एक चपटं डोकं वर आलं, त्यामागे दुसरं, आणि तिसरं जरा लहान. काळ्या दगडावर एक लांब, चकचकीत अंग चढलं. तोंडात मासा होता. तो दोन पंजांत धरून त्याने खायला सुरुवात केली, आणि तो कुरकुर आवाज पाण्यावरून आमच्यापर्यंत आला.

"दिसलं," नात म्हणाली. आवाज घरातलाच, कुजबुजता. पण या वेळी कुजबुजायला काही कारण होतं.

सूनबाई बटाटे सोलता सोलता बाहेर आली होती. हातात सुरी, अर्धा सोललेला बटाटा. "काय खातंय ते? काट्यांसकट?"

"डोक्यासकट."

"बाई गं, दाढा काय असतील एकेक." ती दोन पायऱ्या उतरून पुढे गेली. "जांभई दिली बघ त्याने. सुळे दिसले का कोणाला? मला नीट दिसले नाहीत. परत देईल का?"

मुलगा हसला. तोंड दाबून, खांदे हलवत. मी त्याला असा हसताना बऱ्याच काळात बघितलं नव्हतं. किंवा तो हसत असेलही, अंधारात मला दिसलं नसेल.

"पाणमांजरं ती," मागून ताईचा मोठा आवाज आला, आणि तिन्ही डोकी पाण्यात गडप झाली. "होडीवाल्याच्या जाळ्यातले मासे पळवतात. तो रोज शिव्या घालतो आणि रोज जाळं तिथेच टाकतो." आम्ही सगळे आपल्याकडे असे का बघतोय हे तिला कळेना.

अंधार पडेपर्यंत ती पुन्हा आली नाहीत. बटाटा काळा पडला. आत जायला उठताना मुलगा म्हणाला, "हे कुठे नोंदवायचं नाही, बाबा. कोणाला कळवायचं नाही."

तिसऱ्या दिवशी खुर्ची उतारावर रिकामी राहिली. नातीने आम्हाला काठाकाठाने त्या काळ्या दगडापर्यंत चालवलं. तिथे माशांचे खवले चिकटलेले होते आणि एक शेपूट. सूनबाईने दगडावरचे ओरखडे वाकून, बराच वेळ तपासले. मग चपला काढून ती पाण्यात उतरली, घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. दिवसभर बसून तिचे पाय सुजतात. डोळे मिटून ती नुसती उभी राहिली.

"काय झालं?" मुलाने विचारलं.

"काही नाही. बोलू नकोस."

मी ते पक्ष्यांचं पुस्तक ताईच्या घरीच विसरलो होतो. एक निळा, लांब चोचीचा पक्षी समोरच्या खुंटावर बसला, पाण्यात पडला, वर आला, पुन्हा बसला. तो किती तरी वेळ तिथे होता. त्याचं नाव मला माहीत असायला हवं होतं.

परतताना उतारावर सगळे टेकले आणि टेकले ते झोपलेच. नात गवतात पालथी, सूनबाई दंडावर डोकं ठेवून, मुलगा उताणा, तोंड उघडं. आम्ही दमलेली माणसं आहोत. कुठेही नेलं तरी शेवटी झोपणारच. पण घरी तो झोपतो तेव्हा कपाळाला आठी असते, कोणीतरी उठवेल अशी. इथे ती नव्हती. ऊन सरकत सरकत त्याच्या चेहऱ्यावर आलं. सूनबाईला जाग आली. तिने घाईने टॉवेल उचलला, त्याच्या तोंडावर धरायला वाकली, आणि थांबली. थोडा वेळ तशीच वाकून बघत राहिली. मग टॉवेल स्वतःच्या मांडीवर घेऊन बसली.

"राहू दे," ती मला म्हणाली, जणू मीच काही सुचवलं होतं.

संध्याकाळी आतून पाणमांजरं दिसतात का ते बघायला तिने खिडकीच्या कागदाचा एक कोपरा सोडवला. रात्री तो तसाच लोंबत होता.

निघायच्या सकाळी ताईने मला मागच्या अंगणात बोलावलं. वाशांसाठी आणलेली लाकडं तिथे भिंतीला टेकवून ठेवलेली होती, वर ताडपत्री. म्हणजे ती माझ्या उत्तराची वाट बघत तयारीतच होती. पलीकडे होडीवाला होडी उलटी करून तिच्या बुडाला डांबर लावत होता. त्याने मान हलवून नमस्कार केला, घाई दाखवली नाही.

"बोल," ताई म्हणाली. "काय सांगायला आला होतास?"

मी 'नाही' सांगायला आलो होतो, आणि आता 'हो' माझ्या अगदी ओठांवर होतं. मी तोंड उघडलं.

"थांब," ती म्हणाली. "आत्ता नको. आत्ता पोरगी नाचतेय, सूनबाईचे पाय हलके झालेत. आत्ता कोणीही हो म्हणेल. मला सुट्टीतलं हो नको. त्यावर मी वासे चढवू का?"

"मग?"

"घरी जा. आपल्या त्या काळोखात बस. आणि तिथून लिही. पत्राला उत्तर पत्राने. थंडी पडायच्या आत कळलं पाहिजे, तोपर्यंत तो थांबेल." तिने होडीवाल्याकडे काठी केली. मग जरा खालच्या आवाजात, म्हणजे तिच्या मानाने खालच्या, "नाही असलं तरी चालेल रे. पण तू या खेपेलाही गप्प बसलास, तर मला वाटेल की तुला माझं काहीच पडलेलं नाही."

ती हे बोलली तेव्हा माझ्याकडे बघत नव्हती. ताडपत्रीची दोरी आवळत होती.

घरी आल्यावर सगळं पहिल्यासारखं झालं. रजेच्या बदल्यातल्या जादा पाळ्या मुलाला पुरून उरल्या. वर त्यांच्या पाळीतला एक माणूस कमी केला, त्यामुळे त्याच्याकडे पडदे वाढले. सूनबाई उशिरापर्यंत थांबू लागली. नातीचा नंबर काही चार दिवसांत उतरत नाही. शाळेनंतर मी तिला दूर बघायला म्हणून गच्चीवर नेतो, पण गच्चीवर टाक्या आहेत आणि टाक्यांपलीकडे दुसऱ्या गच्च्या. आम्ही पुन्हा कुजबुजायला लागलो. मी रोज कागद समोर घ्यायचो. ताईने बरोबर जागा सांगितली होती. या काळोखात बसून 'हो' लिहिणं म्हणजे कोणीतरी दुसराच माणूस लिहितोय असं वाटायचं. पहाटे पाय गार पडायला लागले, म्हणजे ताईने दिलेली मुदत संपत आली होती.

तेव्हा मी एक गोष्ट केली जी मी सहसा करत नाही. आम्ही चौघं एकत्र असतो ती सकाळची एकच वेळ. मुलगा कामावरून येऊन अंडी खात होता, सूनबाई डबा भरत होती, नात एक मोजा शोधत होती. मी म्हणालो, "मला एक विचारायचंय."

तिघंही थांबले. मी विचारत नाही म्हणूनच थांबले असावेत.

"ताईला काय लिहू?"

मुलाने पाव ताटात ठेवला. "बाबा, मी हो म्हणणार नाही. दर महिन्याला येऊ वगैरे लिहाल, आणि ती वाट बघत बसेल. नाही जमणार. तुम्ही बघताय ना माझे हाल."

"माझंही तेच," सूनबाई म्हणाली. "रविवारी कपड्यांचा ढीग असतो."

"बरं," मी म्हणालो. मला वाटलं, झालं. निदान आता लिहिता येईल.

"ती अजून तिथे असतील का?" नातीने टेबलाखालून विचारलं.

"कोण?"

"उलट्या लाटेतली."

सूनबाई डब्याचं झाकण लावत होती. ते लागलं तरी तिचा हात त्यावरच होता.

"नाही असं लिहू नका, बाबा," ती म्हणाली.

"मग काय लिहू?"

"लिहा की, दमलो की येऊ."

मुलगा हसला. "आपण दमलेले कधी नसतो?"

"तेच तर. दर वेळी नाही जमणार. पण फार झालं की जाऊ. मला त्या पाण्यात उभं राहायचंय परत."

मुलाने पाव उचलून उरलेलं अंडं पुसून खाल्लं, ताट घासायला ठेवलं आणि भिंतीला धरत आतल्या खोलीकडे निघाला. दारातून म्हणाला, "आणि आत्याला सांगा, पुढच्या खोलीवर एक कौल काचेचं बसव म्हणावं. सगळं बंद केलंस तर मी आत झोपून राहीन आणि पाणमांजरं येऊन जातील."

मी उभ्या उभ्याच फ्रिजपाशी लिहिलं. बसलो असतो तर खाडाखोड केली असती.

"ताई, छप्पर नवं घाल. दमलो की येऊ, म्हणजे वरचेवर यायला हवं, पण तितकं जमणार नाही. आलो की बहुतेक झोपलेलेच असू, चालवून घे. पुढच्या खोलीवर एक कौल काचेचं बसव. मला तुझं पडलेलं आहे."

'बहुतेक' खोडावा असं वाटलं. शेवटच्या ओळीबद्दल तर फारच वाटलं. असलं काही मी तिला कधी लिहिलेलं नाही. पण नात बूट घालून दारात उभी होती.

टपालपेटी शाळेच्या वाटेवर, कोपऱ्यावर आहे. मी पाकीट फटीत अर्धं सरकवलं आणि तिकीट नीट चिकटलंय का ते बघायला पुन्हा बाहेर काढलं. पत्ता वाचला. वळून नातीकडे बघितलं. ती चष्मा पुसून रस्त्याच्या पार टोकाकडे बघत उभी होती, तिथे काहीच नसताना.

"आजोबा, टाका ना," ती तिकडेच बघत म्हणाली.

मी टाकलं. पेटी रिकामी असावी. तळाला लागल्याचा आवाज ऐकू आला.